दोन ६.३.२

"पिंगळे बाई, हे बघा. सहा पॉइंट तीन पॉइंट दोन इथे वर आहे, आणि परत इथे खालीही आहे. सोमवारी ऑडिटर येणार आणि आज गुरुवार आहे," असं म्हणून दाणी साहेबांनी नव्वद पानांचं बाड माझ्या टेबलावर ठेवलं आणि ते तिथेच उभे राहिले. ते उभे राहिले की समजायचं, काम आजचं नाही, कालचं आहे.

साल नव्याण्णव. अंबडला आमची कंपनी गिअरबॉक्सचे शाफ्ट करायची. शाफ्ट म्हणजे गिअर ज्याच्यावर बसतो तो घासून गुळगुळीत केलेला पोलादी दांडा. बाहेरच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं, क्वालिटीचं सर्टिफिकेट असेल तरच ऑर्डर. ते मिळवायचं तर आधी क्वालिटी मॅन्युअल लागतं. कारखान्यात कोणतं काम कोणी कसं करायचं, चूक झाली तर कोणी कोणाला सांगायचं, हे सगळं लिहिलेलं पुस्तक. सर्टिफिकेटवाल्यांचे ऑडिटर येतात ते हे पुस्तक हातात घेऊन फिरतात. पुस्तकात लिहिलंय तसं तुम्ही वागता का, एवढंच बघतात. दाणी साहेब त्या सगळ्याचे प्रमुख.

आणि मी टायपिस्ट. अकरावी शिकलेली, मखमलाबादच्या मळेवाल्यांच्या घरातली, टायपिंगच्या इंग्रजी-मराठी दोन्ही परीक्षा पास. कंपनीत कॉम्प्युटर आला तेव्हा वर्षभर त्याच्यावर कव्हरच असायचं. मग एक दिवस साहेबांना पत्र घाईत हवं होतं, मी कव्हर काढलं. कोणी शिकवलं नाही मला. एफ-वन दाबला की हेल्प येते एवढं कळलं होतं. ती इंग्रजी हेल्प शेजारी डिक्शनरी ठेवून वाचायची. हसायचे लोक. पण सहा महिन्यांनी वर्ड अडलं की सगळे माझ्याच टेबलाशी यायचे, अगदी इंजिनियरसुद्धा.

आता हा नंबरांचा घोळ काय होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मॅन्युअलमध्ये प्रकरण ६ असतं. त्याच्या पोटात ६.१, ६.२, ६.३. मग ६.३ च्या पोटात ६.३.१, ६.३.२ असं. आमच्याकडे जमिनीला गट नंबर असतो, भावांमध्ये वाटणी झाली की त्याचे पोटहिस्से पडतात, तसंच. याला म्हणतात मल्टीलेव्हल नंबरिंग. हे नंबर दोन तऱ्हेने टाकता येतात. एक तर हाताने टाइप करायचे. नाहीतर वर्डला सांगायचं की ही मोठी हेडिंग, ही मधली, ही धाकटी, नंबर तुझे तू टाक. मग मध्येच एखादं हेडिंग घातलं किंवा काढलं की खालचे सगळे नंबर आपोआप सरकतात.

आमचं मॅन्युअल तीन खात्यांनी तीन फ्लॉपींवर लिहून दिलं होतं, आणि त्याच्या सात प्रती कारखान्यात वापरातही होत्या. प्रॉडक्शनवाल्यांनी नंबर हाताने टाकलेले. स्टोअरवाल्यांनी टूलबारवरचं नंबरिंगचं बटण दाबलेलं. क्वालिटीवाल्यांनी अर्धं असं, अर्धं तसं. आणि मध्ये कोणीतरी एक हेडिंग घुसवलं आणि खालचे नंबर बदलायचे विसरलं. म्हणून ६.३.२ दोनदा.

पहिलं ६.३.२ असं होतं (मॅन्युअल इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते): माप चुकलेला माल चेकरने लाल टॅग लावून बाजूला काढावा, पुढे पाठवू नये. दुसरं ६.३.२: माप अगदी काठावर असेल तर चेकरने शिफ्ट इनचार्जला दाखवावं, माल पाठवायचा की नाही ते इनचार्जने ठरवावं.

हे दोन नियम लक्षात ठेवा.

मी आधी माझ्यासाठी सगळ्याचं वेगळं प्रिंट काढून वाचलं. जिथे नंबर चुकला तिथे लाल पेनाने गोल केला. त्या पानावर दोन्ही ६.३.२ ना गोल केले आणि शेजारी लिहिलं, 'दोन आहेत'. मग हाताने टाकलेले सगळे नंबर खोडून काढले. प्रत्येक हेडिंगला स्टाइल दिली, हेडिंग वन, टू, थ्री. मग आउटलाइन नंबरिंगमध्ये जाऊन एकेक लेव्हल एकेका स्टाइलला जोडली. वाटलं, झालं. बघते तर प्रकरण ७ च्या पोटात ७.१ च्या जागी ७.६. सहाच्या पोटातली मोजणी सातमध्ये तशीच पुढे चालू. शुक्रवारची अख्खी सकाळ त्यात गेली. शेवटी हेल्पमध्ये एक ओळ सापडली, वरची लेव्हल बदलली की खालची पुन्हा एकपासून सुरू करायची तर एका चौकटीत टिक करावी लागते. 'मोअर' म्हणून बटण होतं, त्याच्या आत ती चौकट लपलेली. टिक केली आणि नव्वद पानं एका झटक्यात सरळ झाली. काय आनंद झाला म्हणून सांगू. चहावाल्याला बोलावून दाखवलं मी ते.

दुसरं ६.३.२ आता ६.३.३ झालं. त्याच्या खालचं ६.३.४. असे सगळे एकेकाने सरकले.

शनिवारी मी दाणी साहेबांना म्हटलं, "साहेब, नंबर सरकलेत. शॉपवर चेकिंग टेबलाशी पाटी आहे, 'काठावरचा माल : ६.३.२'. ती आता चुकीची होते. चेकर लोक रजिस्टरमध्ये नुसता नंबरच लिहितात. त्यांना सांगायला लागेल."

शॉप म्हणजे मशिनं चालतात ती शेड, आणि तिथे ती पद्धतच पडली होती. चेकरला वाक्य लिहायला वेळ कुठला? लॉट नंबर, मॅन्युअलमधला नंबर, सही, बस.

साहेब म्हणाले, "मजकूर बदललाय का?"

"नाही. फक्त नंबर."

"मग बदल नाही असं लिहा. बदल आहे म्हटलं तर शॉपवरच्या सगळ्यांना ट्रेनिंग द्यायचं, सह्या घ्यायच्या. दोन दिवसांत कुठून देणार? पाट्यांचं नंतर बघू."

मॅन्युअलच्या सुरुवातीला एक पान असतं, या आवृत्तीत काय बदललं त्याचं. तिथे मी टाइप केलं, 'केवळ क्रमांकांची दुरुस्ती. मजकुरात व अर्थात बदल नाही.' 'अर्थात' हा शब्द साहेबांनी सांगितला. खाली 'तयार केले' म्हणून माझी सही, 'मंजूर' म्हणून त्यांची. मला खटकलं होतं. खोटं सांगत नाही, खटकलं होतं. पण नव्वद पानं सरळ केल्याची हवा डोक्यात होती आणि बस चुकत होती.

मग नव्या सात प्रतींवर 'कंट्रोल्ड कॉपी' असा लाल शिक्का मारला आणि जुन्या सात गोळा केल्या. शिक्क्याशिवायचा कागद कंपनीत चालायचा नाही, हा नियमही मॅन्युअलमध्येच होता. जुन्यातली एक प्रत 'रद्द' शिक्का मारून कपाटात ठेवायची असते. साहेब म्हणाले, दोन दोन ६.३.२ असलेली प्रत ऑडिटरच्या हाताला लागली तर शोभा होईल, तीही जाऊ द्या. गेली. माळ्याने पालापाचोळ्याबरोबर जाळली. फाइल तर मी त्याच नावाने सेव्ह केली होती. जुन्यावर नवीन.

सोमवारी ऑडिटर आले. मॅन्युअल चाळून म्हणाले, इतकं नीट नंबरिंग या भागात पाहिलं नाही. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. महिन्याभरात सर्टिफिकेट आलं, पेढे वाटले, मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर मी पाट्याही बदलल्या. जुन्या काढून फेकल्या, नव्या लावल्या. 'काठावरचा माल : ६.३.३'.

दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून एक लॉट परत आला. शाफ्ट बसत नव्हते. रजिस्टरमध्ये लॉट नंबर शोधला तर तो लॉट मी फाइल हातात घेतली त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, चेक झालेला. चेकर पगारे.

पगारे सिन्नरकडचा. अकरा वर्षं चेकिंगला. माप घ्यायचा मायक्रोमीटर पुसून पुन्हा डबीत ठेवणारा शॉपमधला तो एकटाच माणूस. त्या रजिस्टरमध्ये त्याच्या हातची ओळ होती, लॉट नंबर, ६.३.२, सही. आणि माल पुढे गेलेला.

मॅनेजमेंटने नवं मॅन्युअल उघडलं. ६.३.२ म्हणजे लाल टॅग लावून बाजूला काढावा, पाठवू नये. म्हणजे या माणसाने रजिस्टरमध्ये माल अडवल्याचं लिहिलं आणि माल सोडून दिला. खोटी नोंद. त्याला सस्पेंड केलं आणि चार्जशीट दिली. खोटी नोंद सिद्ध झाली की नोकरी जाते, त्यात मधलं काही नसतं.

तो चार्जशीट घेऊन माझ्याकडे आला. गेटवर चिठ्ठी पाठवून मला बाहेर बोलावलं, कारण आत येऊ देत नव्हते.

"ताई, मी इनचार्जला दाखवला होता माल. काठावर होता. ते म्हणाले, जाऊ दे, ट्रक उभाय. मी पाटीवरचा नंबर टाकला. आता ते म्हणतात, मला कोणी दाखवलंच नाय."

"पाटीवर तेव्हा ६.३.२ च होतं."

"मंग तेच सांगा ना आत. तुम्हीच टाइप केलंय सगळं."

मी आत गेले आणि दाणी साहेबांना सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जुनं मॅन्युअल आहे का?" त्यांना माहीत होतं नाही ते. मी म्हटलं, तुम्हीच जाळायला सांगितलं. ते म्हणाले, "बाई, डॉक्युमेंट तुमच्या ताब्यात असतात."

बाकीच्या दोन चेकरना मी जाऊन विचारलं, जुन्या पाटीवर काय होतं आठवतं का. एक म्हणाला, आपण पाटी कधी वाचलीच नाही. दुसऱ्याने मायक्रोमीटर उचलला आणि काम सुरू केलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनाही घरं होती.

त्या आठवड्यात घरी भाजी निवडत बसले होते. समोर माझी वैशाली गणितं सोडवत होती. ती तेव्हा दहावीला. आमच्या घरी वही विकत आणायची ती शाळेसाठी. रफ कामाला ऑफिसातले पाठकोरे कागद, म्हणजे एका बाजूने छापलेले, दुसरी बाजू कोरी. मी ते घरी आणून सुईदोऱ्याने शिवून द्यायची. तिने पान उलटलं आणि मला मागच्या बाजूला लाल गोल दिसला.

मेथी तशीच टाकली. तीन पॅड उसवले. नव्वदातली साठेक पानं त्यात होती, आणि ते पान होतं. एका बाजूला दोन ६.३.२, दोन्हींना लाल गोल, माझ्या अक्षरात 'दोन आहेत' आणि खाली त्या गुरुवारची तारीख. दुसऱ्या बाजूला वैशालीची त्रिकोणमिती.

मी पगारेला निरोप धाडला, मला साक्षीदार म्हणून बोलव. कंपनीतली टायपिस्ट मॅनेजमेंटच्या विरुद्ध साक्षीला जाते म्हटल्यावर कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी बसायचं बायकांनी बंद केलं. आमचे हे म्हणाले, विचार कर. म्हटलं, केलाय.

चौकशीला कंपनीने बाहेरून एक वकील नेमले होते. सभ्य माणूस. मला पाणी दिलं, बसा म्हणाले. पगारे कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. दाणी साहेब समोर. मी पान पुढे केलं आणि जे इथे सांगितलं तेच सगळं सांगितलं.

वकिलांनी पान दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्रिकोणमितीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"यावर कंट्रोल्ड कॉपीचा शिक्का कुठे आहे?"

"हा माझा तपासायचा कागद आहे. ड्राफ्ट."

"शिक्का नसलेला कागद कंपनीचा मानला जाणार नाही, असं मॅन्युअलमध्ये आहे. ते कोणी टाइप केलं?"

"मी."

"हा कागद कंपनीबाहेर गेला कसा?"

"पाठकोरा होता. मुलीला रफ कामाला दिला."

मग त्यांनी मॅन्युअलचं पहिलं पान माझ्यासमोर धरलं. "मजकुरात व अर्थात बदल नाही. ही सही तुमची?"

"हो."

"मग बदल झाला हे तुम्ही आज सांगता ते खरं, की तेव्हा लिहिलंत ते?"

मी दाणी साहेबांकडे पाहिलं. ते पेनाला टोपण लावत होते. मी म्हटलं, "साहेब, नंबर बदलले. मजकूर बदलला नाही. पण ज्याने नुसता नंबर लिहिलाय त्याच्यासाठी अर्थ बदलला."

वकील लिहून घेत होते. शेवटी जबाब वाचायला दिला. त्यात एवढंच होतं, 'साक्षीदार मान्य करतात की मजकूर बदललेला नाही.' मी म्हटलं, माझं पुढचं वाक्य राहिलं. ते म्हणाले, ते तुमचं मत आहे बाई, जबाबात वस्तुस्थिती येते. मी सही करणार नाही म्हटलं. त्यांनी लिहिलं, साक्षीदाराने सही नाकारली. आणि पान परत केलं. मी ते पगारेच्या हातात दिलं. म्हटलं, कोर्टात जायची वेळ आली तर असू दे.

तीन आठवड्यांनी त्याला कामावरून काढलं. शिफ्ट इनचार्जला कोणी काही विचारलं नाही. कोर्टात तो गेला नाही. म्हणाला, ताई, तारखांना जायचं का पोरांच्या शाळेचं बघायचं?

नोकरीवर लाथ मारून मी बाहेर पडले, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही झालं नाही. वैशालीची दहावी होती, आणि अकरावी शिकलेल्या बाईला दुसरीकडे कोण बसवून घेणार? मला कंपनीनेही काही केलं नाही. मेमो नाही, बदली नाही. नंबरिंग बिघडलं की दुरुस्त करणारं दुसरं कोणी नव्हतं ना. दीड-दोन वर्षांनी सर्टिफिकेटचे नियमच बदलले आणि अख्खं मॅन्युअल नव्याने लिहायचं ठरलं, तेव्हा दाणी साहेब पुन्हा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

त्या वेळी मी शेवटी एक तक्ता जोडला. दोन रकाने, जुना क्रमांक आणि नवा क्रमांक. चार पानं झाला. साहेब म्हणाले, "हे कोणी मागितलंय?" म्हटलं, मी. त्यांनी काढायला लावला नाही. ऑडिटरला तो तक्ता फार आवडला. इतर कंपन्यांनी असं करायला हवं म्हणाले. साहेबांनी पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं. मी या वेळी मान वर केली नाही.

रिटायर व्हायच्या आधी एकदा भाचीच्या लग्नाला सिन्नरला गेले होते. स्टँडबाहेर शेअर जीपची वाट बघत होते, तर मागून कोणी म्हणालं, "ताई." पगारे. केस पांढरे झालेले. तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छोट्या वर्कशॉपला लागलाय, म्हणाला. चेकिंगलाच. पगार कमी हाय, पण घर जवळ हाय.

मी हातातली पिशवी खाली ठेवली. तोच म्हणाला, "आता नंबर लिहीत नाय मी. पूर्ण वाक्य लिहितो. इनचार्जला दाखवलं, अमुक वाजता, ते असं असं म्हणाले, खाली त्यांची सही. रजिस्टर लवकर भरतंय म्हणून मालक बोंबलतो."

मी हसले. मग म्हटलं, "तो कागद आहे का?"

"हाय ना. माझ्या धाकटीला दाखवला गणितं शिकवताना. तुमच्या पोरीचं एक चुकलंय त्यात. तिसरं." जीप आली तसा त्याने माझी पिशवी उचलून आत ठेवली. "किती पडले तिला दहावीला?"

सांगितले. "मंग बरंय," म्हणाला.

आता पुष्कळ मुलं-मुली या कामात आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. हाताने नंबर टाकू नका, स्टाइल वापरा. टूलबारवरचं ते नंबरिंगचं बटण दाबू नका. जुनी फाइल वेगळ्या नावाने ठेवा. आणि 'बदल नाही' याच्याखाली सही करायच्या आधी उठा, आणि तो नंबर कुठे कुठे लिहिलाय ते बघून या. आमचं शॉप माझ्या टेबलापासून शंभर पावलांवर होतं. पुढे मी एकदा मोजली.